डोक्यातली बस थांबत नाही त्यांच्यासाठी

"गोव्यात राहून कसलं गं टेन्शन?" हे माझ्या पुण्याच्या मावसबहिणीचं ठरलेलं वाक्य. तिच्या डोक्यातला गोवा म्हणजे समुद्र, शॅक आणि सुशेगाद. मी राहते फोंड्याजवळ, समुद्र बघायला मला रजा काढावी लागते, आणि पणजीत एका ऑफिसात अकाउंट्स बघते, म्हणजे दर महिन्याची ११ तारीख आणि २० तारीख या दोन जीएसटीच्या तारखा माझ्या कुंडलीतच बसल्यात. सुशेगाद आमच्या सासऱ्यांना माहीत होतं, दुपारी १ ते ४ दुकान बंद करून झोपायचे. आमच्या वाट्याला ते आलं नाही.

तर हे लिहितेय ते ज्यांचं डोकं सतत चालूच असतं त्यांच्यासाठी. मी डॉक्टर नाही, काउन्सेलर नाही. चारपाच वर्षं या डोक्याबरोबर संसार केलाय, काय चालतं काय चालत नाही ते करून बघितलंय, थोडं वाचलंय, तेवढंच सांगते.

आधी नक्की कशाबद्दल बोलतेय ते कळावं म्हणून जुलैतली एक रात्र सांगते. पाऊस, लाईट गेलेली, इन्व्हर्टरवर पंखा रडतखडत फिरतोय, मागच्या शेतात बेडूक. २ वाजून ४० मिनिटं. डोक्यात काय चाललंय तर, त्या म्हापशाच्या क्लायंटचं जीएसटीचं थ्रीबी रिटर्न भरलं ना, भरलं, चलन सेव्ह केलं का, केलं असणार, असणार म्हणजे काय, गॅसचा नॉब बंद केला का, मुलीला शुक्रवारी पांढरे मोजे पाहिजेत, पावसात मोजे वाळत नाहीत, बाबांची शुगर, माझ्या साखरपुड्यात मी काकूंना जे बोलले ते त्यांना लागलं असेल का, पांढरे मोजे, चलन. साखरपुडा होऊन बारा वर्षं झाली हो. काकू कधीच विसरल्या असतील.

यात एकही विचार भयंकर नाही हे बघा. कोणी मेलेलं नाही, कर्ज बुडालेलं नाही. पण एकामागून एक, आणि त्याच त्याच, आणि सगळे सारख्याच जोरात. तुमचं असं होत असेल तर पुढे वाचा.

थांबवायचा प्रयत्न आधी सोडा

मी दोन वर्षं हेच केलं, विचार थांबवायचे. मोबाईलवर ध्यानाचं ॲप घेतलं, पाटावर मांडी घालून बसले, डोळे मिटले की ती ॲपमधली बाई सांगायची मन रिकामं करा आणि माझ्या डोक्यात लगेच जत्रा भरायची. मग वाटायचं आपल्याला हेसुद्धा जमत नाही, म्हणजे आधीच्या टेन्शनवर हे एक फुकटचं.

नंतर कुठेतरी वाचलं आणि जीव भांड्यात पडला. अमेरिकेत डॅनियल वेग्नर नावाचे मानसशास्त्रज्ञ होते, त्यांनी १९८७ साली एक प्रयोग केला. लोकांना बसवून सांगितलं की पांढऱ्या अस्वलाचा विचार करू नका, आणि आलाच तर घंटी वाजवा. लोक घंट्याच वाजवत बसले. आणि गंमत पुढे आहे, नंतर त्याच लोकांना सांगितलं की आता करा अस्वलाचा विचार, तर ज्यांना आधी बंदी होती त्यांच्या डोक्यात ते अस्वल बाकीच्यांपेक्षा जास्त वेळा आलं. म्हणजे दाबलं की उसळतं. आपल्याकडे अस्वल नको, संकष्टीच्या दिवशी स्वतःला सांगून बघा की तळलेल्या बांगड्याचा विचार करायचा नाही.

दुसरी गोष्ट म्हणजे मन भटकणं हा काही आजार नाही. २०१० साली हार्वर्डच्या दोघांनी सव्वादोन हजारच्या आसपास लोकांना फोनवर दिवसातून अधूनमधून विचारलं की आत्ता तुम्ही काय करताय आणि मन कुठे आहे. जवळजवळ ४७ टक्के वेळा मन हातातल्या कामात नव्हतंच. म्हणजे अर्धा दिवस सगळेच बेपत्ता. आपल्यासारख्यांची गाडी फक्त जास्त वेगात आणि जास्त वेळ पळते.

मग करायचं काय? मला जे उपयोगी पडलं ते पणजीच्या बस स्टँडवर उभं राहून सुचलं. संध्याकाळी तिथे प्रायव्हेट बसचे कंडक्टर कसे ओरडतात, म्हापशें म्हापशें म्हापशें, मडगांव मडगांव, एक तर हात धरून चढवायलाच येतो. आपण काय करतो? त्यांना गप्प बसवायला जातो का? नाही. ऐकतो, ही म्हापशाची, ती वास्कोची, आपली फोंड्याची. बाकीच्या आरडतात आणि सुटतात. तसंच विचार आला की त्याचा फक्त बोर्ड वाचायचा. ही मोज्यांची. ही चलनाची. ही काकूंची, अरे ही अजून चालू आहे होय. मनातल्या मनात नाव घ्यायचं, चढायचं नाही. चुकून चढलात आणि अर्ध्या वाटेवर गेल्यावर लक्षात आलं तर पुढच्या स्टॉपला उतरायचं, स्वतःला शिव्या घालत बसायचं नाही. दिवसातून पन्नासदा चुकीच्या बसमध्ये चढाल, मी अजूनही चढते.

आधी शरीर तपासा, मग मनाला दोष द्या

हे खरं तर सगळ्यात वर लिहायला हवं होतं. मी पहिल्यांदा डॉक्टरकडे गेले तेव्हा त्यांनी कागदावरून मान वर न करता सांगितलं, टेन्शन घेऊ नका, आणि झालं. फी मात्र पूर्ण. टेन्शन घेऊ नका हा सल्ला ज्याने शोधला त्याला कधी टेन्शन आलंच नसणार. दुसऱ्या डॉक्टरांनी मात्र नीट बसवून विचारलं, छातीत धडधडतं का, वजन कमी झालं का, हात थरथरतात का, घाम येतो का, आणि थायरॉइडची टीएसएच टेस्ट करायला सांगितली. माझी नॉर्मल आली. पण मी केली म्हणून माझ्या जावेने पण केली आणि तिचा थायरॉइड जास्त काम करतोय असं निघालं. ती बिचारी वर्षभर स्वतःला चिडकी आणि घाबरट समजत होती. गोळ्या सुरू झाल्यावर दोनतीन महिन्यांत तिच्यात फरक दिसला. म्हणून सांगते, एक रक्ताची टेस्ट करून टाका, मग मनाच्या मागे लागा.

चहा. हा माझा गुन्हा होता. ऑफिसात सकाळी दोन, जेवल्यावर एक, ४ वाजता एक, आणि घरी आल्यावर सासूबाईंबरोबर एक. कॅफिन पोटात गेल्यावर त्याचं निम्मं उतरायलाच साधारण पाच तास लागतात, कुणाला जास्तही. म्हणजे संध्याकाळी सातच्या चहातलं अर्धं कॅफिन रात्री बाराला अंगात फिरतंय आणि मी म्हणतेय मला झोप का येत नाही. आता दुपारी दोननंतर चहा बंद. पहिला आठवडा डोकं दुखलं, ते दुखतंच, मग गेलं. सासूबाईंना कंपनी म्हणून मी आल्या-धण्याचं गरम पाणी घेते. त्यांना ते अजिबात पटलेलं नाही.

आणि श्वास. श्वासाचं सगळे सांगतात आणि कंटाळा येतो, पण एकच गोष्ट लक्षात ठेवा, सोडतानाचा श्वास घेतानापेक्षा लांब पाहिजे. श्वास सोडताना हृदयाचा वेग थोडा मंदावतो, घेताना थोडा वाढतो, हे असं शरीरातच आहे. चार आकडे मोजत घ्या, सहा मोजत सोडा, पाच मिनिटं. नाक दाबायला नको, आसन नको, टायपिंग करताकरताही होतं. मला तर वाटतं आपल्याकडे संध्याकाळी देवळात भजनाला बसणारी म्हातारी माणसं शांत दिसतात त्यात हेही असणार, एक घोट श्वास आणि मग लांबलचक ओळ ओढायची, तासभर तेच. चवथीला आमच्याकडे घुमटावर, म्हणजे मडक्याच्या तालवाद्यावर, आरत्या होतात तेव्हा मला हे नेहमी जाणवतं. दीर घुमट घेतो, मोठे काका शामेळ, झांजा मुलांकडे, आणि एकदा लय वाढायला लागली की डोक्यात दुसरं काही राहायला जागाच नसते. हाताने ताल, तोंडाने शब्द, कानाने बाकीच्यांबरोबर राहायचं. मन पळेल कुठून? चुकून मोज्यांचा विचार आला तर टाळी चुकते आणि सगळे तुमच्याकडे बघतात.

काळजीला वेळ द्या, पण तिच्याच वेळेला

हा प्रकार ऐकायला येडचापसारखा वाटतो. रोज एक ठरलेली वेळ आणि ठरलेली जागा काळजी करायला ठेवायची, साधारण अर्धा तास. दिवसभरात काळजी डोकावली की तिला सांगायचं, आता नाही बाई, संध्याकाळी ये. १९८३ मध्ये अमेरिकेत बोर्कोव्हेक आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी हे काळजीखोर लोकांवर करून बघितलं आणि त्यांची दिवसभराची काळजी कमी झाली. काळजी करू नको म्हटलं की मन भांडतं, नंतर कर म्हटलं की बऱ्यापैकी ऐकतं, लहान मुलासारखं.

माझी वेळ म्हणजे परतीची बस. पणजीहून फोंड्याची बस पकडते, जुनं गोवें आलं की सुरू. वही काढते, वहीतलं पुढे सांगते, आणि मनसोक्त काळजी करते. मुद्दाम. बाबांची शुगर, मुलीचं गणित, घराचं छप्पर, नवऱ्याची नोकरी, बाणस्तारीचा पूल येईपर्यंत साधारण सगळे येऊन जातात. गंमत म्हणजे मुद्दाम करायला बसलं की काळजी फार टिकत नाही, कुंडईपर्यंत मला कंटाळा आलेला असतो आणि मी बाहेर बघायला लागते. मंगेशीचा स्टॉप आला की वही बंद. तिथून फर्मागुडीपर्यंत फक्त खिडकी. तिथून पुढे काही आठवलं तर ते उद्याच्या बसमध्ये.

दोन गोष्टी सांभाळा. ही वेळ झोपायच्या जवळ ठेवू नका, आणि जागा म्हणजे बेड तर नकोच नको. तुम्ही स्कूटर चालवत असाल तर रस्त्यावर हे करू नका, बाणस्तारीला आधीच ट्रॅफिक काय कमी आहे. घरी तुळशीजवळच्या पायरीवर बसा, गच्चीत बसा. घरातल्यांना सांगून ठेवा, नाहीतर आमच्यासारखं होईल, रविवारी बस नसते म्हणून मी मागच्या पडवीत वही घेऊन बसले तर नवऱ्याला वाटलं मी त्याच्यावर रागावलेय.

वही

वही हा माझ्या मते सगळ्यात कामाचा भाग आहे म्हणून इथे जरा जास्त बोलते.

१९२७ मध्ये ब्लूमा झायगार्निक नावाच्या बाईंनी दाखवलं की अर्धवट सोडलेली कामं पूर्ण झालेल्या कामांपेक्षा जास्त लक्षात राहतात. हॉटेलातल्या वेटरला बिल होईपर्यंत सगळी ऑर्डर पाठ असते आणि बिल झालं की साफ, तसं काहीसं. रात्रीच्या माझ्या यादीत बघा, झालेलं एकही काम नाही, सगळी लोंबकळणारी. मन काही वाईट वागत नाहीये, ते मुनीमजीसारखं उधारी वाचून दाखवतंय. रात्री पावणेतीनला दाखवतंय एवढाच त्रास.

मग उधारी कागदावर उतरवायची. याच्यावरही प्रयोग झालाय, २०१८ साली टेक्सासच्या बेलर युनिव्हर्सिटीत ५७ तरुण मुलांना झोपायच्या आधी पाच मिनिटं लिहायला सांगितलं. निम्म्यांनी झालेली कामं लिहिली, निम्म्यांनी पुढे करायची. मला वाटलं असतं झालेली कामं लिहिणारे समाधानाने आधी झोपतील. उलट निघालं, करायची कामं लिहिणारे साधारण नऊ मिनिटं लवकर झोपले, आणि यादी जितकी नेमकी तितकी झोप लवकर.

हा नेमकेपणा फार महत्त्वाचा आहे, इथेच सगळे चुकतात. मी सुरुवातीला लिहायचे: बाबा. छप्पर. पैसे. असं लिहून डोकं अजून भडकतं कारण बाबा हे काम नाही, तो सगळा एक समुद्र आहे. आता कसं लिहिते ते माझ्या वहीतल्या एका पानावरून जसंच्या तसं:

"बाबांची शुगर — उद्या ११ वाजता चहाच्या सुट्टीत भावाला फोन, रिपोर्टचा फोटो मागणे.
मोजे — फोंडा मार्केटमध्ये उतरून दोन जोड नवे. वाळवत बसू नये.
म्हापसा चलन — ऑफिसात गेल्यागेल्या फोल्डर उघडून बघणे. नसेल तर पोर्टलवरून परत काढता येतं.
छप्पर — पाऊस आहे तोवर काही होणार नाही. गळतंय तिथे बादली. दसऱ्यानंतर कौलं शाकारणाऱ्याला फोन.
काकू — यात करण्यासारखं काही नाही."

शेवटची ओळ मी रोज कुठल्या ना कुठल्या विचारापुढे लिहिते. यात करण्यासारखं काही नाही. आधी मला वाटायचं हे लिहिणं म्हणजे हार, पण खरं सांगायचं तर ती ओळ लिहिल्यावर खांदे उतरतात. आणि छपरासारख्या कामांना तारीख द्यायची, दसऱ्यानंतर म्हणजे दसऱ्यानंतर, तोवर बादली.

फोनमध्ये लिहू नका. मी करून बघितलं, नोट्स उघडायला जाते आणि वीस मिनिटांनी कळतं की मी मडगावच्या कोणाच्या तरी बारशाचे फोटो बघतेय. दहा-वीस रुपयांची शाळेची वही घ्या.

भाजी कातर

पणजीत जुन्या सेक्रेटरिएटजवळ आबे फारियांचा पुतळा आहे, हात पसरलेले आणि खाली एक बाई कोसळतेय असा. टुरिस्टांना तो भुताखेताचा वाटतो. फारिया कांदोळीचे, पाद्री, १७५६ चा जन्म, पुढे पॅरिसला गेले आणि तिथे त्यांनी सांगितलं की संमोहनात कसला अदृश्य चुंबकीय द्रव बिव नसतो, जे होतं ते त्या माणसाच्या स्वतःच्या मनातच होतं. त्या काळात हे म्हणायला हिंमत लागत होती. हा पुतळा १९४५ पासून तिथे आहे आणि आपण रोज समोरून जातो.

पण माझी आवडती गोष्ट त्यांच्या तरुणपणाची. गोव्यात सगळे सांगतात, की लिस्बनला राणीपुढे प्रवचन द्यायला उभे राहिले आणि समोर एवढी मोठी माणसं बघून यांचं डोकं एकदम कोरं, शब्द फुटेना. वडील खाली बसले होते, त्यांनी हळूच कोकणीत म्हटलं, ही सगळी भाजी, कातर रे भाजी. आणि मुलगा सुटला. घाबरू नको म्हणाले नाहीत, विचार करू नको म्हणाले नाहीत, हाताला काम दिलं, तेही स्वैपाकघरातलं.

मी हे शब्दशः करते. डोकं फारच पळायला लागलं की मी किचनमध्ये जाते आणि काहीतरी चिरते. भेंडी बारीक, एकसारखी. नाहीतर नारळ खवते, विळीवर बसून, एक वाटी नीट पांढरी निघेपर्यंत, करवंटीचा तपकिरी भाग खाली येऊ द्यायचा नाही. या न येऊ देण्यातच सगळं लक्ष जातं, कारण विळीचं पातं बोटाजवळ असतं, तिथे काकूंचा विचार केला तर बोट जाईल. तुम्हाला स्वैपाक नको असेल तर फुलांचा हार करा, अबोली एकात एक अडकवत गजरा केला तर अर्धा तास कुठे जातो कळत नाही, सायकलची चेन साफ करा, माडाच्या झावळ्यांपासून हीर काढून केरसुणी बांधा. अट एकच, हात चालले पाहिजेत आणि काम संपल्यावर काहीतरी दिसलं पाहिजे. मोबाईलवर अंगठा फिरवणं यात बसत नाही, त्यात हात चालतात पण शेवटी काही दिसत नाही.

आणि यामागे नुसता माझा अनुभव नाही. पर्वरीला संगाथ नावाची संस्था आहे, १९९६ पासूनची, त्यांनी इथल्याच प्रायमरी हेल्थ सेंटरांत, जास्त डिप्रेशन असलेल्या लोकांबरोबर काम केलं. काउन्सेलर म्हणजे मोठे मानसोपचारतज्ज्ञ नव्हते, ट्रेनिंग दिलेली साधी माणसं. सहा ते आठ भेटी. आणि त्यात भर कशावर, तर माणसाला परत लहान लहान कामांत, माणसांत, आवडीच्या गोष्टींत उतरवण्यावर. त्याचा फायदा झाला, आणि ते २०१७ साली लॅन्सेटमध्ये आलं. डिप्रेशन आणि धावतं मन एक नव्हे, पण दोन्ही एकाच घरात राहतात बऱ्याचदा, आणि मूड येईल मग करू असं म्हणत थांबायचं नाही, आधी हात चालवायचे, हे दोन्हीला लागू पडतं.

रात्र

रात्रीबद्दल एकच नियम पाळा बाकी जाऊ दे. साधारण वीस मिनिटं झोप लागली नाही असं वाटलं तर उठा. घड्याळ बघून नाही, अंदाजाने, कारण घड्याळ बघितलं की हिशोब सुरू, आता झोपले तर चार तास, आता झोपले तर साडेतीन. घड्याळ उलटं करून ठेवा. उठून दुसऱ्या खोलीत जा, मंद उजेड, कंटाळवाणं काहीतरी करा, कपड्यांच्या घड्या, जुना पेपर, आणि डोळे जड झाले की परत या. हे निद्रानाशावरच्या उपचारात १९७० च्या दशकापासून आहे. मुद्दा असा की बेडवर पडून विचार करायची सवय लागली की बेड दिसला की डोकं आपोआप चालू होतं, ते तोडायचंय.

मी पहिल्यांदा असं रात्री उठून हॉलमध्ये पडद्यांच्या घड्या घालत बसले होते तर सासूबाई बाहेर आल्या. "निदूंक ना गो अजून?" म्हणाल्या. मी म्हटलं आई डोकं चालू आहे. त्या काही बोलल्या नाहीत, समोर बसल्या आणि दुसरा पडदा उचलला. दोघींनी न बोलता चार पडद्यांच्या घड्या घातल्या. हे मी घरातल्या लोकांसाठी लिहितेय, नवऱ्यांसाठी विशेष. एवढा विचार करू नको, सगळं ठीक होईल, योगा कर, हे नका सांगू. पडदा उचला.

सकाळी पोदेराचा, म्हणजे पाववाल्याचा, हॉर्न ऐकू येईपर्यंत झोप लागली नाही तरी त्या दिवशी दुपारी दोन तास झोपून भरपाई करू नका, रात्री परत तेच होतं. वीस मिनिटं डुलकी चालेल. आणि सकाळी अंगणात दहा मिनिटं उजेडात उभे राहा, पाव घ्यायला गेटपर्यंत स्वतः जा, कोणाला पाठवू नका.

कधी एकट्याने करायचं नाही

वर लिहिलेलं सगळं साध्या धावत्या मनासाठी. काही गोष्टी असतील तर वही बाजूला ठेवा आणि डॉक्टरकडे जा.

दोनतीन आठवडे झाले आणि कामावर, जेवणावर, घरातल्यांवर परिणाम होतोय. छातीत धडधड, श्वास लागतो, आता मरतोय असं वाटतं. दारू घेतल्याशिवाय झोप येत नाही, आणि गोव्यात हे फार सहज सुरू होतं, एक पेग काजू फेणी काय त्याचं एवढं, पण दारूने झोप लागते आणि मध्यरात्री मोडते, सकाळी बेचैनी जास्त. किंवा याच्या उलट, तीन तास झोपूनही थकवा नाही, विचार विजेसारखे पळतायत, खूप बोलणं, खूप खर्च, आपण काहीही करू शकतो असं वाटणं, आणि हे चारपाच दिवस चाललंय. त्या माणसाला स्वतःला बरंच मस्त वाटत असतं म्हणून घरातल्यांनी हे ओळखायचं, हा बायपोलर प्रकार असू शकतो आणि त्याला औषधच लागतं. लहानपणापासूनच एका जागी बसवत नाही, वस्तू हरवतात, कामं अर्धवट राहतात असं असेल तर मोठेपणी एडीएचडी निघू शकतो, त्याची पण वेगळी तपासणी असते.

सरकारी म्हणाल तर बांबोळीला जीएमसीच्या, म्हणजे गोवा मेडिकल कॉलेजच्या, जवळ मानसोपचाराचं वेगळं हॉस्पिटल आहे, आयपीएचबी. लोक अजून बांबोळीक व्हरूंक जाय हिका, बांबोळीला न्यायला हवं हिला, असं टोमण्यात बोलतात, बोलू दे. पूर्वी त्या हॉस्पिटलला आबे फारियांचंच नाव होतं. फोनवर बोलायचं असेल तर टेलीमानस, १४४१६, सरकारी, फुकट, चोवीस तास, २०२२ च्या ऑक्टोबरपासून सुरू आहे. जगू नये असं वाटत असेल, स्वतःला काही करावं असं वाटत असेल तर बसची वाट बघायची नाही, त्याच मिनिटाला हा नंबर लावा किंवा घरातल्या कोणाला तरी उठवा, रात्री तीन वाजता सुद्धा उठवा.

गोळ्यांबद्दल एवढंच, डॉक्टरांनी दिल्या तर घ्या आणि स्वतःच्या मनाने बंद करू नका, शेजारणीच्या झोपेच्या गोळ्या मात्र कधीही नाही. मी सहा महिने घेतल्या होत्या, डॉक्टरांनी हळूहळू कमी करत बंद केल्या. हे मी मावसबहिणीला सांगितलेलं नाही, तुम्हाला सांगतेय.

अजून एक राहिलं. वहीबरोबर पेन्सिल ठेवा, पेन नको. पावसाळ्यात कागद सर्द होतो आणि पेन पानावरून नुसतं घसरतं, बसच्या धक्क्यात तर विचारूच नका, पेन्सिल कशीही चालते. शार्पनर उशीखाली ठेवू नका, मी ठेवला होता, टोचतो.